नवा टर्बोही गेला? डिझेल पिकअपमध्ये पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडाचं मूळ कसं शोधायचं

तक्रारीचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. भरलेली पिकअप चढावर ओढेनाशी होते, काळा धूर टाकते. टर्बो बदलला की गाडी सुधारते. मग काही हजार किलोमीटरांत पुन्हा शिट्टी, पाठोपाठ निळा धूर, आणि नवा टर्बोही तेल टाकू लागतो. इथे दोन सल्ले हमखास मिळतात: "पार्ट डुप्लिकेट निघाला" किंवा "आता मोठा टर्बोच टाका". दोन्हींत खरी तपासणी राहून जाते.

टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरची दोन चाकं: एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरतं, आणि दुसऱ्या टोकाचा कंप्रेसर इंजिनात हवा दाबून भरतो; हा जास्तीचा दाब म्हणजे बूस्ट. डिझेल पिकअपच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हा थर टिकला तर बुश (शाफ्टला आधार देणारं बेअरिंग) आणि शाफ्ट एकमेकांना टेकतच नाहीत. म्हणून टर्बो आपणहून क्वचितच मरतो. त्याला मारणारं कारण तेलात, हवेत, एक्झॉस्टमध्ये किंवा कंट्रोलमध्ये असतं, आणि ते तसंच राहिलं तर तिसरा टर्बोही त्याच वाटेने जातो.

आधी खात्री: दोष टर्बोचाच आहे का?

स्कॅनरवर दिसणारा पी०२९९ हा बिघाडाचा कोड "बूस्ट कमी आहे" एवढंच सांगतो, पी०२३४ "बूस्ट जास्त आहे" एवढंच. टर्बो खराब आहे असं दोन्ही कोड म्हणत नाहीत. स्कॅनरवर ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मागितलेलं बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट शेजारी शेजारी लावा. आधी इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा. समुद्रसपाटीजवळ मॅप सेन्सरने (इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर) साधारण १०० किलोपास्कल दाखवायला हवं, आणि हवामान दाबाच्या सेन्सरशी ते जुळायला हवं. इथेच फरक असेल तर आधी सेन्सर किंवा त्याची वायरिंग बघा.

बरेच स्कॅनर निरपेक्ष दाब, म्हणजे हवामानाचा दाबही धरून, दाखवतात, हे विसरू नका. १४० किलोपास्कल म्हणजे १.४ बार बूस्ट नव्हे, फक्त ०.४ बार. आणि उभ्या गाडीत रेस करून बूस्ट मोजू नका. लोड नसेल तर डिझेल कमी जळतं, एक्झॉस्टमध्ये ऊर्जा नसते, धडधाकट टर्बोही आकडा वर नेत नाही. मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन रेकॉर्डिंग घ्या. प्रत्यक्ष बूस्ट मागणीपर्यंत पोचतच नसेल तर हवागळती, अडकलेली एक्झॉस्ट किंवा उघडे राहिलेले व्हेन (टर्बाइनवर जाणाऱ्या वायूची वाट लहान-मोठी करणाऱ्या हलत्या पट्ट्या) यांचा संशय घ्या. उशिरा चढून मागणीच्या वर उसळत असेल तर व्हेन काजळीने चिकटत आहेत, हे जवळपास नक्की समजा.

गळती: बूस्टचीच नाही, टर्बोच्या आयुष्याचीही

होज पाइपची छोटी चीर म्हणजे थोडा जोर कमी, असं समजून गाडी तशीच चालवली जाते. प्रत्यक्षात ईसीयू ठरलेलं बूस्ट गाठण्यासाठी व्हेन आणखी बंद करत जातो. टर्बो गळून गेलेल्या हवेचीही भरपाई करतो, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने फिरतो आणि एक्झॉस्टचा दाबही वाढतो. अशा गाडीत बसवलेला नवा टर्बो पहिल्या दिवसापासून ओव्हरस्पीडमध्ये चालतो. वारंवार टर्बो जाण्याचं हे कारण सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे, असं माझं ठाम मत आहे.

चाचणीसाठी टर्बोच्या हवेच्या तोंडाला झाकण लावून रेग्युलेटरमधून हवा भरा. सुरुवात ०.३ बारने करा, १ बारच्या वर जाऊ नका. त्याआधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू इनटेककडे नेणारा, पाइप इनटेकपासून सोडवून इनटेकचं भोक बंद करा. तो जोडलेला राहिला तर दाब थेट चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भागात) जातो आणि क्रँकचे ऑइल सील बाहेर ढकलतो. झाकणासमोर उभं राहू नका. साबणाचं पाणी मारून क्लिपच्या खालचा भाग, होजचा ब्रॅकेटला घासणारा खालचा पृष्ठभाग, इंटरकूलरची (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा भाग) प्लॅस्टिक टाकी जिथे अ‍ॅल्युमिनियमला दुमडून बसते तो जोड, मॅप सेन्सरची ओ-रिंग आणि इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट तपासा. ऑइल फिलरमधून किंवा सायलेन्सरमधून बारीक सुसकारा ऐकू आला तर घाबरू नका, कुठला तरी व्हॉल्व्ह उघडा असतो. क्रँक थोडा फिरवून पुन्हा ऐका.

व्हेन आणि ॲक्च्युएटर

व्हेन हलवणाऱ्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरला हातपंप लावा. रॉड अडखळल्याशिवाय पूर्ण सरकायला हवा, व्हॅक्यूम मिनिटभर टिकायला हवा, आणि सोडल्यावर रॉड एका दमात परत यायला हवा. मध्येच थबकत असेल तर व्हेनची रिंग काजळीने धरली आहे. गाडी गार आणि गरम अशा दोन्ही स्थितींत तपासा, कारण गरम झाल्यावरच अडकणारे व्हेन बरेच असतात. रॉड ठीक असेल तर सोलेनॉइड (व्हॅक्यूम कमी-जास्त करणारा विद्युत व्हॉल्व्ह) आणि त्याकडे जाणाऱ्या बारीक रबरी नळ्या बघा. टोकाला कडक होऊन तडकलेली नळी काही रुपयांत बदलता येते, तिच्यापायी अख्खा टर्बो बदलू नका. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर असेल तर स्कॅनरमधून त्याची हालचाल चाचणी घ्या. नवा बसवल्यावर त्याला शेवटची स्थिती शिकवावी लागते.

एक गोष्ट कृपया करू नका: व्हेनच्या लिव्हरजवळचा लॉकनट असलेला स्टॉप स्क्रू फिरवू नका. किमान प्रवाह फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून तो स्क्रू लावलेला असतो. अर्धा फेरा आत-बाहेर झाला तरी खालच्या आरपीएमवर बूस्ट एक तर उसळतं किंवा मरतं, आणि डोळ्यांच्या अंदाजाने तो पुन्हा जागेवर आणता येत नाही.

व्हेन वारंवार काजळत असतील तर मूळ टर्बोत नसतंच. गळणारा इंजेक्टर, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडणारा), किंवा कायम कमी लोडवर चाललेली गाडी ही तिन्ही कारणं तपासा.

मेलेला टर्बो बोलतो

जुना टर्बो परत देण्याआधी उघडून उजेडात नीट बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

कंप्रेसरच्या पात्यांची पुढची धार तुटलेली असेल तर काहीतरी आत शिरलं आहे: क्लिपचा स्क्रू, विसरलेला कपडा, किंवा आधीच्या बिघाडात इंटरकूलरमध्ये साठलेले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे. धार तुटलेली नाही पण पातळ, गोलसर झाली आहे, तर फिल्टरला वळसा घालून धूळ जात आहे. फिल्टर चांगला असूनही त्याच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नसतं.

टर्बाइनची पाती मार खाल्लेली असतील तर घाव इंजिनातून आला आहे. ग्लो प्लगचं टोक, व्हॉल्व्हचा तुकडा किंवा मॅनिफोल्डच्या आतली सुटलेली खपली शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर तेल पोचलं नाही. रंग स्वच्छ, पण गोलाकार ओरखडे असतील तर तेल पोचलं, पण घाण पोचलं. या दोन खुणांची गल्लत करू नका, दोघींचे उपाय वेगळे आहेत. बुश बरे आणि फक्त थ्रस्ट (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं बेअरिंग) खाल्लेला असेल तर शाफ्टवर पुढे-मागे ओढणारा ताण जास्त येत होता: तुंबलेला डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा हवागळतीमुळे झालेला ओव्हरस्पीड. कंप्रेसर चाकाच्या मागच्या बाजूला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला असेल तर ती ओव्हरस्पीडची खात्रीची खूण आहे.

आणि शाफ्ट-बुश धड असूनही सगळीकडे तेलच तेल असेल, तर टर्बो निर्दोष असण्याची शक्यता मोठी. त्याची चर्चा पुढे.

शाफ्टचा खेळ तपासताना वर-खाली थोडा हलतो म्हणून टर्बो बाद करू नका. तेल नसताना बुशच्या टर्बोत तो खेळ असतोच. चाक टर्बोच्या घराला (बाहेरच्या कवचाला) घासायला मात्र नको. पुढे-मागे ओढल्यावर हाताला खेळ जाणवायला नको. डायल गेज लावून तो साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत असावा.

तेल येण्याची वाट आणि जाण्याची वाट

टर्बोला तेल देणारा बारीक पाइप गरम मॅनिफोल्डच्या शेजारून जातो. आतलं तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि आतला व्यास कमी होतो. हा पाइप धुऊन वापरू नका, बदला. हवेने आणि केमिकलने साफ केल्यावरही आतली खपली सैल होते आणि चालू गाडीत सुटून नेमकी नव्या बुशकडे जाते. बॅन्जो बोल्टमध्ये (हा पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) बारीक जाळी असेल तर तीही नवी घाला. जाळी तुंबलेली निघाली तर चेंबर उतरवून पंपाची जाळी बघायलाच हवी, कारण इंजेक्टरच्या वॉशरमधून ज्वलनवायू गळत असेल तर चेंबरमध्ये डांबरासारखा थर तयार होतो. तो तसाच ठेवून टर्बो बदलणं म्हणजे नवा टर्बो फुकट घालवणं.

तेलाचा दाब डॅशबोर्डच्या दिव्यावरून ठरवू नका. यांत्रिक गेज लावा. गरम इंजिनात आयडलला साधारण ०.७ बारपेक्षा कमी, किंवा लोडवर दीड-दोन बारपेक्षा कमी दाब म्हणजे टर्बो उपाशी आहे. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर डीपीएफचं रीजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) अर्धवट तुटत असल्याने डिझेल तेलात उतरत आहे. पातळ झालेलं तेल दाब दाखवतं, पण थर धरत नाही.

आता परतीची वाट. टर्बोतून बाहेर पडणारं तेल दाबाखाली नसतं. हवा मिसळून फेसाळलेलं ते तेल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरतं. म्हणून परतीचा पाइप जाड असतो, आणि तो उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेला नसावा. मध्ये दुमड, खोलगट वळण किंवा आत फुगलेला रबर चालत नाही. गॅस्केटला सिलिकॉन लावला की दाबला जाऊन तो आतल्या बाजूला पुढे येतो आणि वाट अरुंद करतो. गॅस्केट कोरडंच बसवा. चेंबरमध्ये तेल जास्त भरलेलं असेल तरी परतीचं तोंड बुडतं. मग तेल टर्बोतच साठतं आणि दोन्ही टोकांच्या रिंगमधून बाहेर पडतं. त्या रिंग मुख्यतः वायूचा दाब अडवतात, साठलेलं तेल रोखणं त्यांचं कामच नाही.

याच गटातला सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे ब्लो-बाय: पिस्टनच्या बाजूने चेंबरमध्ये गळणारा ज्वलनवायू. घासलेले पिस्टन रिंग किंवा तुंबलेला ब्रीदर यांमुळे चेंबरमध्ये दाब वाढतो आणि परतीचं तेल खाली उतरू शकत नाही. गरम इंजिन आयडलवर ठेवून फिलरचं झाकण सैल करून उलटं ठेवा. ते थरथरलं तर हरकत नाही, उडून पडलं तर रिंग आणि ब्रीदर तपासा. अशा इंजिनात कितीही चांगला टर्बो बसवला तरी तो "तेल टाकतो" अशीच तक्रार येणार. हवेचा फिल्टर तुंबला तरीही कंप्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढून तेल खेचलं जातं.

तेल टाकणारा टर्बो घेऊन "गावापर्यंत जाऊ" म्हणू नका. इंटरकूलरमध्ये साठलेलं तेल एकदम इंजिनात गेलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर धावू लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. गिअरबॉक्स मॅन्युअल असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक गच्च दाबून क्लच सोडा. ते जमत नसेल तर गाडीपासून दूर व्हा. हवेच्या तोंडाशी हात नेऊ नका.

बसवताना

१. इंटरकूलर उतरवून तेल काढा, सॉल्व्हंटने धुवा, पूर्ण वाळवा. आत धातूचे कण असतील तर बदला. बारीक नळ्यांतले कण धुऊन सगळे निघत नाहीत.
२. इंजिन तेल आणि फिल्टर नवे. डीपीएफ असेल तर कमी राखेचं, निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचंच तेल.
३. नवा फीड पाइप, नवे वॉशर, नवी गॅस्केट. धागे-लिंट सोडणारा कपडा जवळ ठेवू नका.
४. फीड पाइप जोडण्याआधी वरच्या भोकातून स्वच्छ इंजिन तेल घाला आणि चाक हाताने हळू फिरवत राहा.
५. इंजेक्टरची जोडणी किंवा इंधन बंद ठेवून १० ते १५ सेकंदांच्या टप्प्यांत स्टार्टर मारा. तेलाचा दिवा गेल्यावर आणखी एकदा मारा.
६. सुरू करा आणि तीन-चार मिनिटं आयडलवरच ठेवा. आवाज तपासायला रेस देऊ नका. परतीच्या पाइपला हात लावून तो गरम होतोय का बघा.
७. इंजिन गार झाल्यावर क्लिप आणि नट पुन्हा तपासा. आधीचा टर्बो तुटून गेला असेल तर १००० किलोमीटरवर तेल आणि फिल्टर परत बदलावे, हा खर्च वाया जात नाही.

एक्झॉस्ट मोकळी आहे याची खात्री याच वेळी करा. डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक गरम इंजिनात आयडलला काही मिलिबारच असावा. रेस देताच तो झपाट्याने चढत असेल तर नव्या थ्रस्टवर पहिल्याच चढाला ताण येणार.

आणि मग मोठा टर्बो

वरचं सगळं ठीक असेल तरच अपग्रेडचा विचार करा. टर्बो हवा देतो, ताकद डिझेल देतं. पूर्ण लोडवर गाडी काळा धूर टाकत नसेल आणि टर्बाइनच्या आधी मोजलेलं एक्झॉस्ट तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर सध्या हवा पुरते आहे. तिथे मोठा टर्बो लावून फक्त लॅग (पाय दाबल्यावर बूस्ट यायला लागणारा उशीर) वाढेल.

हिशोब करून बघा. २.५ लिटरचं इंजिन, ३५०० आरपीएम, इनटेकमध्ये २.४ बार निरपेक्ष दाब, तापमान ६० अंश, सिलेंडर भरण्याची क्षमता ९० टक्के. चार-स्ट्रोक म्हणून दर दोन फेऱ्यांना एकदा हवा भरते: मिनिटाला सुमारे ३९४० लिटर. त्या दाब-तापमानाला हवेची घनता घनमीटरला २.५ किलो, म्हणजे मिनिटाला जवळपास ९.९ किलो हवा. हवा-इंधन प्रमाण २०:१ धरलं तर तासाला ३० किलोच्या आसपास डिझेल धुराशिवाय जळेल, आणि किलोवॉट-तासाला २२० ग्रॅम खपत धरली तर सुमारे १३५ किलोवॉट, म्हणजे १८० पीएसच्या थोडं वर. तुमचं उद्दिष्ट याच्या आत असेल तर टर्बोचं चाक न बदलता काम होण्याची शक्यता चांगली आहे.

आता कंप्रेसर मॅपवर (हवेचा प्रवाह आणि दाबांचं गुणोत्तर यांचा आलेख) हा बिंदू ठेवा. फिल्टरमध्ये ०.०५ बार आणि इंटरकूलरमध्ये ०.१ बार घट धरली तर समुद्रसपाटीला दाबांचं गुणोत्तर २.५ भागिले ०.९५, म्हणजे २.६३. तीच गाडी २००० मीटर उंचीवर नेली तर हवेचा दाब ०.८ बारच्या आसपास उरतो. तिथेही तेवढंच बूस्ट मागितलं तर गुणोत्तर ३.३ होतं. बाहेरची हवा ३० अंश आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान १६५ अंशांवरून २०० अंशांच्या वर जातं. सपाटीवर वर्षभर टिकलेला रीमॅप (ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये केलेला बदल) डोंगराळ भागात टर्बो मारतो, तो असा. मूळ ईसीयू उंचीनुसार बूस्ट कमी करतो. रीमॅप करणाऱ्याने ती मर्यादा काढली आहे का, हे आवर्जून विचारा.

कंप्रेसर मॅपच्या डाव्या कडेला सर्ज रेषा असते; तिच्यापलीकडे हवा कंप्रेसरमधून उलटी येऊ लागते. पिकअप भरून चढ चढताना इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर जोर मागतं, म्हणजे हवा कमी आणि दाब जास्त. मोठ्या कंप्रेसरचा बिंदू तिथे सर्ज रेषेपलीकडे पडतो, फडफड ऐकू येते आणि थ्रस्टवर धक्के बसतात. म्हणून ओझं वाहणाऱ्या गाडीसाठी मूळ घरात किंचित मोठं कंप्रेसर चाक बसवलेला हायब्रिड टर्बो मला जास्त शहाणपणाचा वाटतो. अट एवढीच की फिरता संच उच्च वेगावर बॅलन्स केलेला असावा आणि व्हेन फ्लो बेंचवर लावलेले असावेत. दोन्हींचा छापील अहवाल मागून घ्या. व्हेनचा टर्बो काढून साधा वेस्टगेटचा (जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारा) लावला तर ईसीयूचं कंट्रोल तुटतं, खालचा जोर जातो, आणि अनेक देशांत उत्सर्जन नियमांतही गाडी बसत नाही.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी टर्बाइनच्या आधी बसणारा तापमापक आणि बूस्ट गेज, मग इंटरकूलर, मग माफक रीमॅप, आणि त्यानंतरही हवा कमी पडली तर टर्बो. टर्बाइननंतर लावलेला तापमापक लोडवर शंभर ते दोनशे अंश कमी दाखवतो, त्याच्या भरवशावर डिझेल वाढवू नका. लांब चढावर टर्बाइनआधीचा आकडा ७०० ते ७५० अंशांच्या वर टिकून राहिला तर एक गिअर खाली घ्या आणि पाय सैल करा. अशा चढानंतर गाडी थांबवताना एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. गरम टर्बाइनची उष्णता थांबलेल्या तेलात उतरली की फीड पाइपमध्ये पुन्हा तोच कोळसा धरू लागतो.